अनुभव धागा : गोष्ट माहीत होती, तरी पाहतच राहिलो

डिसेंबर २०२५मध्ये 'अवतार' या इंग्रजी सिनेमाचा तिसरा भाग लागला आणि आमच्या घरात जुना वाद पुन्हा निघाला. थोरली म्हणते, "गोष्टीत नवीन काय आहे?" तिचं खरंच आहे. परक्या मुलखात गेलेला शिपाई तिथल्या निळ्या लोकांत मिसळतो, तिथल्या मुलीत जीव गुंतवतो आणि शेवटी आपल्याच माणसांवर उलटतो. २००९ साली पहिला भाग पाहिला तेव्हाही मध्यंतराच्या आतच शेवट कळला होता. तरी ती १६२ मिनिटं मी खुर्चीतून हलले नाही.

फोंड्याहून कदंबा बसने पणजीला थ्रीडीत बघायला गेलो होतो. रात्रीच्या जंगलात तो शिपाई पाऊल टाकतो आणि पायाखालचं शेवाळ उजळतं, तिथपासून मी हरवले. मग त्या तरंगणाऱ्या पांढऱ्या बिया. लहानपणी सावरीची म्हातारी फुंकून उडवायचो, तशाच. माझ्या शेजारच्या अनोळखी आजींनी हात पुढे केला आणि मूठ मिटली. मूठ उघडून बघितलीसुद्धा.

नरकासुराची गोष्ट आपल्याला पाठच असते. कृष्ण येणार, पहाटे तो जळणार. तरी दिवाळीच्या आदल्या रात्री आपण गोव्यात वाड्यावाड्यावरचे नरकासुराचे पुतळे बघत हिंडतोच ना? कुणाच्या मुखवट्याचे डोळे फिरतात, कुणी पायाच्या नखापर्यंत काम केलंय, ते बघायला. गोष्ट पाठ असली की डोळे मोकळे होतात, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला असं कधी झालंय? कुठल्या दृश्यापाशी थांबलात? सविस्तर लिहा. ज्यांना आवडला नाही त्यांनीही लिहा.

सावर्ड्याहून

मला ती गोष्ट ओळखीची वाटली, पण दुसऱ्या सिनेमांमुळे नव्हे. आमचे दोन टिपर होते. खाणीवरचा माल भरायचा, कुडचड्याच्या बाजूच्या जेटीवर ओतायचा, तिथून तो बार्जमधून जुवारीने मुरगाव बंदराला जायचा. २००९ म्हणजे ऐन भराचा काळ. चीनला माल जात होता, खेपांना खंड नव्हता. बाबा, मी आणि आमचा एक चालक, तिघे मिळून सिनेमाला गेलो.

सुरुवातीलाच तिथल्या खाणीचा अवाढव्य ट्रक दिसतो. त्याच्या टायरात बाण रुतलेले असतात. कॅमेरा तिथे फार वेळ थांबत नाही, पण चालकाची नजर आधी टायरावरच जाते. आम्ही तिघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. आमच्या रस्त्यावरही लोक ट्रक अडवायचे, धुळीसाठी. आमच्या आत्याच्या कुळागरात पोफळींची पानं तांबडी झाली होती आणि विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. आत्या आम्हाला कधी काही बोलली नाही, कारण माझ्या भावाची फी त्याच पैशातून जात होती, हे तिला माहीत होतं.

तिथल्या लोकांचं ते मोठं झाड पडतं तेव्हा आधी आवाज येतो, मग राख उडते, मग सगळं गप्प. बाबा हळूच म्हणाले, "हें आमचेंच न्हय?"

सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या. टिपर अंगणात उभे राहिले, हप्ते चालूच. एकाच्या हौद्यात पावसाळ्यात गवत उगवलं. त्या वर्षी मी तो सिनेमा पुन्हा घरी बघितला. छोट्या पडद्यावर, थ्रीडीच्या चष्म्याशिवाय. खाणीच्या मॅनेजरच्या टेबलावर दगडाचा तुकडा तरंगत असतो, किलोला दोन कोटी डॉलरांचा. त्या मॅनेजरच्याच बाजूला मीही उभा होतो आणि आत्याच्या बाजूलाही. लोक म्हणतात गोष्ट साधी आहे. मला ती साधी वाटत नाही.

मडगावहून

मला नाही आवडला. माझा नंबराचा चष्मा, त्यावर तो थ्रीडीचा, तासाभरात कपाळ दुखायला लागलं. देखावे सुंदर होते हे कबूल, पण पात्रं काय बोलणार ते आधीच कळत असेल तर माझं मन लागत नाही. मला सिनेमात माणसाचं काय होणार याची धाकधूक हवी. मूळ लेखातलं नरकासुराचं उदाहरण मात्र पटलं, त्याच्यावर विचार करतेय.

पेडण्याहून

आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतार. कथा पुराणातली, गावातल्या पोरालाही ठाऊक. लिहिलेली संहिता नसते, समोर एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. तरी पहाटेपर्यंत माणूस उठत नाही, कारण आज राजा सूत्राला धरून काय बोलतो, बाईचं काम करणारा स्त्रीपार्टी पदर कसा सावरतो, ते बघायचं असतं. हल्ली मंडळी फलकावर 'ट्रिकसीनयुक्त' असं ठळक लिहितात. धूर येतो, त्यातून नाग येतो, मुंडकं उडतं. जाणती माणसं नाक मुरडतात. मी मुरडत नाही. ट्रिकसीन बघायला आलेली पोरं पुढचं पदही ऐकून जातात.

'अवतार' बघताना मला सगळ्यात जास्त पटली ती चेहऱ्यांची मेहनत. नटांच्या चेहऱ्यावर ठिपके रंगवले होते आणि डोक्याला अडकवलेला छोटा कॅमेरा तोंडासमोर धरलेला असायचा. ओठ, पापणी, भुवई, सगळं त्यात टिपून निळ्या चेहऱ्यावर उतरवलं. आमचा राक्षस लाल रंग फासून दोन-दोन तास बसतो, तेव्हा त्याच्या गालाची शीर हलली तर शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे, ही त्याची धडपड असते. रंगाखालून माणूस दिसायला हवा, दोघांची खटपट तीच. त्या निळ्या मुलीच्या रडण्यात मला तो दिसला. आणि आपण ज्या शब्दाने रात्ररात्र जागवतो तोच शब्द त्या सिनेमाचं नाव आहे, याचा मला फार आनंद झाला होता.

म्हापश्याहून

माझं चष्म्याचं दुकान आहे. पहिला भाग लागला होता त्या दिवसांत एक बाई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. सगळे ओरडत होते, हा मात्र म्हणत होता, "काही बाहेर येत नाही, नुसतं सपाट दिसतंय." मी एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. उजव्याने भराभर, डाव्याने वरची दोन अक्षरं. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आळशी डोळा निघाला.

थ्रीडीत दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवतात, चष्मा ती वेगळी ठेवतो आणि खोलीचा भास मेंदू तयार करतो. एका डोळ्याचं चित्र मेंदू घेतच नसेल तर खोली कुठून येणार? पुढे त्या मुलाच्या चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावत होते. पुढच्या तपासणीला आला तेव्हा डाव्या डोळ्याने चौथी ओळ वाचली. मुलांना थ्रीडी सिनेमाला नेलंत आणि मूल 'सपाट दिसतं' म्हणालं, तर रागावू नका, डोळे तपासून घ्या.

वास्कोहून

मी डायव्हिंग शिकवतो, ग्रँड आयलंडला पर्यटकांना नेतो. आपल्याकडे चार-पाच मीटर दिसलं तरी दिवस चांगला. त्यामुळे डिसेंबर २०२२मध्ये दुसऱ्या भागातलं पाणी बघून माझा ऊर भरून आला. आम्ही सगळे सहकारी गेलो होतो. तीन तास बारा मिनिटं, एकानेही फोन काढला नाही.

खालून वर बघितलं की पाण्याचं छत आरशासारखं चमकतं, वाळूवर उन्हाची जाळी हलते, केस मागे न जाता आधी वर उठतात. हे पाण्यात गेलेल्यालाच माहीत असतं आणि ते सगळं तिथे होतं. कारण नट खरोखर टाकीत उतरले होते. पाठीवर सिलिंडर घेतला असता तर बुडबुड्यांनी हालचालींचं टिपण बिघडलं असतं, म्हणून श्वास धरायला शिकले. केट विन्सलेटने ७ मिनिटांहून जास्त धरला. वरचा उजेड पाण्यात शिरून घोळ करू नये म्हणून पृष्ठभागावर तरंगणारे छोटे पांढरे गोळे पसरले होते. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन २०१२मध्ये एकटे समुद्रातल्या सगळ्यात खोल मारियाना गर्तेच्या तळाशी जाऊन आलेले. समुद्राची ओढ असलेल्या माणसाने काढलेला सिनेमा आहे, हे आम्हाला पहिल्या लाटेतच कळलं.

मुलं पळवली जाणार, बाप धावणार, हे ठाऊक होतं. मी मुलांच्या पोहण्याकडे बघत होतो. पाय गुडघ्यातून न मारता कमरेतून मारत होती. विद्यार्थ्यांना हेच सांगून माझा घसा बसतो.

काणकोणहून

पहिला भाग थिएटरात नाही पाहिला. बाबांना अर्धांगवायू झाला त्यानंतरच्या पावसाळ्यात टीव्हीवर लागला होता. बाबा नारळावर चढणारे, चोवीस तास अनवाणी. मी सहज लावला, ते पलंगावर टेकून बघत होते.

चाकाच्या खुर्चीतला तो शिपाई नव्या शरीरात जागा होतो, कुणाचं न ऐकता बाहेर धावत सुटतो आणि थांबल्यावर पायाची बोटं मातीत रुतवतो. बोटं उघडतात, मिटतात, मधून माती वर येते. बाबांनी हाताने खूण केली, पुन्हा लाव. टीव्हीवर पुन्हा कुठून लावणार? मी तसं सांगितलं. मग भावाने फोनवर शोधून तेवढाच तुकडा लावून दिला. पाच-सहा वेळा पाहिला असेल. पुढची गोष्ट त्यांनी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला अंगणाकडे बोट दाखवलं. खुर्ची दारात नेली, तुळशीजवळची ओली माती घमेल्यात भरून आणली आणि त्यांची दोन्ही पावलं त्यात ठेवली. उजव्या पायाचा अंगठा हलला. डावा नाही हलला. पण त्यांनी घमेलं अर्धा तास काढू दिलं नाही.