मासेखाऊ घरात स्वस्त आणि पोटभरीचं शाकाहारी जेवण: तुम्ही काय काय करता?

मालवणी_माहेर

नमस्कार मंडळी. आम्ही घरात पाच जण: मी, नवरा, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. राहतो डोंबिवलीला, पण माहेर-सासर दोन्ही सिंधुदुर्गातलं. म्हणजे ताटात मासळी किंवा चिकन नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, अशी सगळी माणसं.

नवऱ्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय आणि मुलाच्या क्लासची फी भरायची आहे. सुरमई-पापलेट केव्हाच सोडलं, आता बांगड्याचा वाटा घेतानाही दहादा विचार करावा लागतो. श्रावण आम्ही पाळतोच. पण मी ठरवलंय, गणपती गेल्यावरही आठवड्यातले चारेक दिवस शाकाहारीच करायचं.

अडचण अशी की वरण-भात, पोळी आणि एखादी भाजी केली की मुलगा ताटाकडे बघून विचारतो, "आज जेवणाक काय नाय?" तो कबड्डी खेळतो, संध्याकाळी दमून येतो. जेवून तासाभरात त्याला परत भूक लागते, मग खाली जाऊन वडापाव. तो खर्च वेगळाच. पनीर सारखं आणायला परवडत नाही. सोयाबीनच्या वड्या आणल्या होत्या, पण त्यांच्या वासाने कोणी हात लावला नाही. सासूबाईंना दातांमुळे कडक काही चालत नाही आणि सोमवारी कांदा-लसूण नको असतो.

मी स्वतः नोकरी करते, घरी पोचायला साडेसात होतात. कृपा करून सॅलड आणि सूप सुचवू नका. रोज पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्यांनी आपल्या घरात खरंच काय चालतं ते सांगा.

डबेवाली_मावशी

ताई, मी मूळची जळगावकडची, आता भोसरीत डबे देते. माझ्याकडे जेवणारी सगळी कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करणारी पोरं. चिकनचा डबा फक्त रविवारी. बाकी दिवस त्यांना दुधी आणि वरणावर ठेवलं तर पुढच्या महिन्यात ती दुसरी खानावळ धरतील. तेव्हा तुमचा प्रश्न हा माझा रोजचाच धंदा आहे, जरा सविस्तर लिहिते.

मटणाच्या दिवशी माणूस कशाला खूश असतो ते बघा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास, वर आलेली तर्री, भाकरी कुस्करायला रस्सा आणि दाताखाली चावायला काहीतरी. आपण मटणाला दीड तास देतो आणि शाकाहारी दिवशी मोहरी तडतडवून भाजी परतून मोकळ्या होतो. पोराला फरक कळतो. मटणाला जे वाटण करता तेच डाळी-कडधान्याला करा, अगदी तेवढ्याच मनापासून. जड खर्च मटणाचा असतो, वाटणाचा नसतो.

वाटण रविवारीच करून ठेवा. अर्धा किलो कांदे सालासकट गॅसवर थेट भाजायचे, वरची साल काळी होऊन आतला कांदा मऊ पडला पाहिजे. सुकं खोबरं भाजून घ्या. खोबऱ्याचे भाव चढल्यापासून मी निम्मं खोबरं आणि निम्मे तीळ-शेंगदाणे घेते. चवीत कुणाला फरक कळत नाही, उलट रस्सा दाट होतो. दोन गड्डे लसूण, आल्याचा तुकडा. पाणी शक्यतो न घालता वाटा आणि तेलात परतून गार करून डब्यात भरा. फ्रीजमध्ये आठवडाभर मजेत राहतं. मग तुम्ही साडेसातला घरात शिरलात तरी आठला रस्सा उकळत असेल.

आता पाटोडीचा रस्सा. हा तुमच्या मुलाला आवडेल असं मला खात्रीने वाटतं. पाच जणांना पाव किलो बेसन पुरतं. कढईत दोन चमचे तेल, जिरं, लसूण-हिरवी मिरचीचा ठेचा, हळद, मीठ आणि जितकं बेसन त्याच्या सव्वापट पाणी. वाटीनेच मोजा, दोन्हींना एकच वाटी. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बारीक करून बेसन एका हाताने सोडायचं, दुसऱ्या हाताने लाटण्याच्या टोकाने घोटत राहायचं. गुठळी दिसली की तिथेच कढईच्या कडेला दाबून मोडायची. झाकण ठेवून दोन वाफा. पीठ शिजलं की कढई सोडतं आणि त्याला कच्च्या बेसनाचा वास राहत नाही. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापा, हात ओला करून. वर कोथिंबीर, थोडं खोबरं. गार झालं की शंकरपाळ्यासारख्या वड्या कापा. रस्सा वेगळा उकळा: तेलात वाटण तेल सुटेस्तोवर परतायचं, मसाला, गरम पाणी. गरमच हं, गार पाण्याने तर्री बसते. वड्या वाढतानाच रस्स्यात टाकायच्या, आधी टाकल्या तर विरघळून पिठलं होतं. आमच्या दुकानातल्या भावाने बेसन पंचवीस-तीस रुपयांचं, वाटण-तेल धरून सगळी भाजी साठ-सत्तरच्या आत. एक किलो चिकन अडीचशेच्या घरात जातं.

दुसरी भाजी अख्खा मसूर. इस्लामपूर-कऱ्हाडकडे ढाब्यांवर लोक खास हा खायला थांबतात. घाईच्या दिवसाला याच्यासारखं कडधान्य नाही, कारण भिजवायची गरजच नाही. धुऊन कुकरला लावा, हळद आणि चमचाभर तेल घालून तीन-चार शिट्ट्या. दाणा अख्खा राहिला पाहिजे पण बोटाने दाबला तर चिरडला पाहिजे. मग वाटण, कांदा-लसूण मसाला, शेवटी टोमॅटो. टोमॅटो, चिंच, कोकम हे कुठल्याही कडधान्यात शिजल्यानंतरच घालायचं. आंबट आधी पडलं की दाणा शिजायला फार वेळ घेतो आणि गॅस फुकट जातो.

तासाभरात भूक लागते त्याचं कारण बहुतेक पोळी आणि भात दोन्ही असूनही डाळ पातळ असते, म्हणजे पोटात जातं ते सगळं पीठ. आमच्या खानदेशात कळण्याची भाकरी करतात. चार वाटे ज्वारी, एक वाटा सालीचे काळे उडीद, थोडं खडे मीठ, असं एकत्र दळून आणायचं. उडदामुळे भाकरीला चिकटपणा येतो, थापायला सोपी जाते, सवय नसलेल्यांनाही जमते. भाकरीतच डाळ आली. वर कच्चं तेल आणि लसणाची चटणी. असं जेवलेला पोरगा वडापाव खायला जात नाही.

सोयाबीनच्या वड्यांचं पुढे विचारलंत तर सांगेन, हात भरलेत आता.

कुडाळकर

मावशींनी वाटणाचं सांगितलं ते लाख बोललात. फक्त आपल्याकडचं विसरू नका. मालवणी घरात शाकाहारी जेवण म्हणजे शिक्षा कधीच नव्हती. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले तर कोंबडी-वड्यांची आठवण कोण काढतो? रात्री भिजत घाला, सकाळी पाणी बदला. कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब ठेवू नका, पहिली शिट्टी झाली की गॅस एकदम बारीक करून वीस मिनिटं सोडून द्या. दाणा लोण्यासारखा होतो, सासूबाईंनाही चालेल. थोडे शिजलेले वाटाणे वाटणातच वाटून घातले की सांबाऱ्याला दाटपणा येतो आणि खोबरं कमी लागतं.

कुळथाची पिठी तर पंधरा मिनिटांचं काम. गावाहून येताना भाजून दळलेलं कुळथाचं पीठ आणत असालच. लसूण तेलात लाल होऊ द्या, मिरची, कांदा, पाणी, कोकम, आणि थंड पाण्यात कालवलेलं पीठ हळूहळू सोडा. उकळताना ढवळणं थांबवू नका, तळाला लगेच बसतं. ऊन ऊन भात आणि पिठी, वांगडा (सोबत) सुको बांगडो नसलो तरी चलता.

आणि एक गोष्ट, मासळीची आठवण निम्मी तिरफळांची (माशाच्या कालवणात घालतात ती वासाची फळं) असते असं माझं ठाम मत आहे. तुरीच्या आमटीत ओलं खोबरं, सुकी मिरची आणि धणे वाटून घाला, कोकमं टाका आणि शेवटी चार-पाच तिरफळं. काळं बी काढून टाकायचं, सालं जराशी ठेचून पाण्यात भिजवून घालायची, फोडणीत तळायची नाहीत. या आमटीला कांदा-लसूण लागतच नाही, म्हणजे तुमचा सोमवारही सुटला. वाढताना सालं बाजूला काढायला मुलांना सांगा.

पीटीवाले_सर

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, मुलाच्या कबड्डीबद्दल वाचलं म्हणून लिहितो. माझ्याकडे येणारे बरेच पालक प्रथिनांच्या पावडरीचे डबे घ्यायला निघालेले असतात. त्याची काही गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वाढत्या, खेळणाऱ्या मुलाला थोडी जास्त धरा. मुलगा ५५ किलोचा असेल तर ५०-५५ ग्रॅमचं लक्ष्य ठेवा.

बहुतेक कोरड्या डाळींत, कडधान्यांत १०० ग्रॅमला साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या वर. म्हणून "वरण केलंय" एवढ्यावर थांबू नका, किती डाळ घातली ते बघा. पाच माणसांच्या वरणात अर्धी वाटी डाळ पडत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला दिवसाकाठी ८०-१०० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य पडू द्या. बाकीचं भाकरी, दूध, दाण्यांतून येतं. धान्यात जे अमायनो आम्ल (प्रथिनाचा घटक) कमी असतं ते डाळीत भरपूर आणि डाळीतलं कमी असलेलं धान्यात, त्यामुळे मावशींची ज्वारी-उडदाची भाकरी फार शहाणपणाची आहे.

मैदानावरून आल्या आल्या त्याला भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ किंवा उकडलेले चणे द्या, वर लिंबू पिळून. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा मात्र बंद, त्याने उलटं होतं. मुलीच्या बाबतीतही हे पाळा, मुलींमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण जास्त असतं आणि घरात तिकडे लक्ष उशिरा जातं.

मालवणी_माहेर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल पाटोडी रस्सा केला. मुलाने रस्सा परत परत मागून घेतला, आणि सासूबाईंनी वड्या मऊ आहेत म्हणून आवडीने खाल्ल्या. वरणात डाळ मोजून बघितली, सर म्हणतात तसंच होतं, आता वाढवलीय. तिरफळं माहेरून आलेली डब्यात पडून होती, पुढच्या सोमवारी आमटी नक्की.

मावशी, हात रिकामे झाले असतील तर सोयाबीनच्या वड्यांचं सांगा. आणि पाटोड्या काठावरून थोड्या फुटल्या, असं का झालं असेल?

डबेवाली_मावशी

काठावरून फुटल्या म्हणजे पीठ थापेपर्यंत गार झालं होतं, किंवा पाणी थोडं कमी पडलं. बेसन जाडसर असेल तर पाणी जरा वाढवा.

आता सोयाबीनच्या वड्या. वास घालवायला एकच उपाय, पिळणे. मोठं पातेलं पाणी, त्यात मीठ, उकळी आली की वड्या टाकून पाच-सात मिनिटं. ते पाणी फेकून द्या. गार पाण्यात घालून मुठीत दाबून पिळा, फेसाळ पाणी निघेल. परत गार पाणी, परत पिळा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं, यात आळस केला की वास राहतोच. मग हातानेच अर्ध्या तोडा, दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवा. दह्याने आत चव शिरते. कमी तेलात लोखंडी तव्यावर कडा लालसर होईपर्यंत परता. त्यानंतरच वाटणात घाला आणि रस्सा न करता सुकंच ठेवा, चिकन सुक्यासारखं. पाच जणांना १०० ग्रॅम कोरड्या वड्या भरपूर होतात, फुगून दुप्पट-तिप्पट दिसतात. सासूबाईंसाठी बारीक दाणेदार सोया मिळतं ते घ्या, त्याचा खिमा होतो, चावायला त्रास नाही.

सोमवारचा पाटोडी रस्साही होतो ताई. लसणाऐवजी हिंग जरा सढळ हाताने, वाटणात खोबरं, तीळ, धणे, आलं आणि दोन लवंगा भाजून. रंग थोडा फिका येतो, म्हणून लाल तिखट तेलात टाकून लगेच पाणी ओता, जळू देऊ नका. आणि ताटाला तेल आधीच लावून ठेवा, पीठ शिजल्यावर ताट शोधायला गेलात की कढईतच घट्ट होऊन बसतं.