नुरा (आधीच निकाल ठरवलेली) लढत कुणी खरी दाखवली: 'द सेट-अप' की 'द हार्डर दे फॉल'? बॉक्सिंगवरच्या या दोन सिनेमांवर टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांची चर्चा.

निळा कोपरा: बॉक्सिंगमधली लबाडी रॉबर्ट वाइजच्या 'द सेट-अप'इतकी (१९४९) नेमकी कुणीच पकडलेली नाही. पस्तिशीचा बॉक्सर स्टोकर थॉम्पसन हरणार याची त्याचा मॅनेजर टायनीला एवढी खात्री, की त्यानं हरावं म्हणून गुंडाकडून ५० डॉलर घेऊनही तो स्टोकरला काही सांगत नाही. कशाला वाटा द्यायचा? या एका गोष्टीत त्या माणसाची किंमत कळते. शिवाय पार्श्वसंगीत नाही, आणि पडद्यावरची ७२ मिनिटं म्हणजे आपलीही ७२ मिनिटं.

सहावी फेरी: अजिबात पटलं नाही. पटकथा तिथंच लंगडी पडते. पडणाऱ्याला ठाऊक नसेल तर ती नुरा कसली? कितव्या फेरीत पडायचं, त्याआधी किती मार खायचा, हे ठरलेलं लागतं. खऱ्या आयुष्यातलंच बघा: १४ नोव्हेंबर १९४७ ला बॉक्सर जेक लामोटा बिली फॉक्सकडून चौथ्या फेरीत हरला. सगळं आधी ठरलेलं, तरी इतकं उघड दिसलं की त्याच्यावर बंदी आली. १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर त्यानं कबूल केलं: जगज्जेतेपदाची लढत मिळावी म्हणून हरलो. न सांगता हे जमतंय होय!

निळा कोपरा: जमत नाही, तेच तर सिनेमा दाखवतो! लामोटाची लढत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली, सगळ्यांची नजर त्यावर. स्टोकरची ही गावगन्ना चार फेऱ्यांची. शेवटच्या फेरीआधी टायनीला घाम फुटतो आणि तो सांगून टाकतो. पण जिंकायचा वास लागलेला माणूस तेव्हा पडेल का? पुढे गल्लीत त्याचा हात ठेचतात.

रिळवाला: मला 'द हार्डर दे फॉल' (१९५६) वरचढ वाटतो, कारण त्यात हिशेब आहे. त्यातल्या टोरो या बॉक्सरची कमाई प्रचंड. प्रवास, प्रशिक्षण, व्यवस्थापन असा एकेक खर्च कापत शेवटी त्याच्या हाती ४९ डॉलर ७ सेंट. खरी लूट रिंगणात नाही, वहीत होते. टोरोवर प्रीमो कार्नेरा या खऱ्या बॉक्सरची छाप उघड आहे. कार्नेरानं निर्मात्यांवर दावाही लावला होता. आणि कार्नेराला १९३४ मध्ये लोळवणारा मॅक्स बेअर इथं स्वतःच टोरोचा प्रतिस्पर्धी झालाय.

सहावी फेरी: हिशेबाचं मान्य. पण त्यात पत्रकार झालेला हम्फ्री बोगार्ट टाइपरायटरवर बसून बॉक्सिंगवर बंदी मागतो तो शेवट प्रचारकी आहे. वाइज असलं काही करत नाही.

कडेची खुर्ची: 'द सेट-अप' ज्या दीर्घकवितेवरून आला (जोसेफ मॉनक्युअर मार्च, १९२८) तिच्यातला बॉक्सर कृष्णवर्णीय आहे. सिनेमात तो गोरा झाला. स्टोकर झालेला रॉबर्ट रायन कॉलेजात बॉक्सिंग करायचा, काम उत्तमच केलंय त्यानं. पण जेम्स एडवर्ड्ससारखा कृष्णवर्णीय नट त्याच ड्रेसिंग रूममध्ये छोट्या भूमिकेत बसलाय. भ्रष्टाचाराचं मोजमाप करताय, तर हेही त्यात धरा.