मदत हवी आहे: सायनोव्हियम शेजारी ठेवूनही कूर्चा ढिम्म

कूर्चाकर: शेळीच्या गुडघ्यातल्या कूर्चेचे तुकडे सायनोव्हियमसोबत (सांध्याच्या आतल्या अस्तरासोबत) आठवडाभर वाढवतोय. माध्यमात (पोषक द्रवात) जीएजी (कूर्चा मोडली की सुटणाऱ्या साखरेच्या साखळ्या) वाढायला हवं, पण प्लेटमधल्या नुसत्या कूर्चेच्या खळग्यात जेवढं, तेवढंच इथेही. डीएमएमबीचा (जीएजी मोजायच्या रंगाचा) मानक आलेख सरळ येतो. शुक्रवारी गाइडना दाखवायचंय. काय चुकतंय?

पेट्रीडिश: तुकडे केवढे? सायनोव्हियम किती? सीरम आहे का? कापल्यावर स्थिरावायला वेळ दिला का?

कूर्चाकर: ३ मिमी पंच, खळग्यात १ मिली. सायनोव्हियम चिमूटभर. सीरम नाही, माध्यम नेहमीचंच. कापले त्याच दिवशी सुरू केलं.

पेट्रीडिश: चिमूटभर हे माप नव्हे. आतला पातळ थर सोलून, चरबी काढून, दर खळग्यात सारखं वजन ठेवा. आणि तुकडे आधी ४८ तास नुसत्या माध्यमात ठेवून ते फेकून द्या. कापल्याच्या जखमेतून सुरुवातीला आपोआपच बरंच जीएजी सुटतं, त्यात खरा फरक बुडतो.

बफर_बाबा: पीएच तपासा. सायनोव्हियमचं हायल्युरोनान (तेही एक जीएजीच) पीएच ३ च्या डीएमएमबी रंगात लुडबुड करतं. १.५ वर आणा.

निशिगंध: बाबा, हायल्युरोनानने आकडा फुगेल. यांचा तर हलतच नाहीये.

रोखठोक: सायनोव्हियमचा नाद सोडा हो. आयएल-१ बीटा (दाह वाढवणारं सायटोकाइन, म्हणजे पेशींचं निरोप देणारं प्रथिन) १० नॅनोग्रॅम प्रति मिली टाका, काही दिवसांत अ‍ॅग्रिकन (कूर्चेत जीएजी धरून ठेवणारं प्रथिन) सुटेल.

निशिगंध: मग प्रश्नच बदलला! त्यांना सायनोव्हियम काय करतं ते बघायचंय. केंब्रिजला ऑनर फेल आणि जब या संशोधकांनी १९७७ मध्ये डुकराच्या ऊतींवर हेच दाखवलं: सायनोव्हियम स्वतःची एन्झाइमं तर सोडतंच, शिवाय निरोप पाठवून जिवंत कॉन्ड्रोसाइटकडूनच (कूर्चेतल्या पेशींकडूनच) आजूबाजूचं मॅट्रिक्स तोडून घेतं. म्हणून मेलेल्या कूर्चेचा गट हवाच. तीन वेळा गोठवून वितळवा. तिच्यातूनही जास्त सुटलं तर एन्झाइमांचं थेट काम. फक्त जिवंत कूर्चेतून सुटलं तर कॉन्ड्रोसाइटमार्फत.

रोखठोक: आणि तो निरोप म्हणजे कॅटाबोलिन, पुढे आयएल-१ च निघालं. म्हणजे मी बरोबर.

निशिगंध: अर्धं बरोबर. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांध्यांच्या झिजेच्या) रुग्णांत आयएल-१ अडवणारी औषधं चालली नाहीत. टीएनएफ आणि ऑन्कोस्टॅटिन एम ही दुसरी सायटोकाइनं, गुडघ्याच्या वाटीखालची चरबी, सगळेच बोलतात. आयएल-१ फक्त पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेवा, तुकडे प्रतिसाद देण्याच्या स्थितीत आहेत की नाही ते कळेल.

सुमेधा_ठाणे: आईचे गुडघे दुखतात. ग्लुकोसामाइन सुरू करू का?

पेट्रीडिश: ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, आणि आधी डॉक्टरांना दाखवा. कूर्चाकर, "नेहमीचं" माध्यम म्हणजे काय काय?

कूर्चाकर: आमच्याकडे स्टेम सेलवाले वापरतात तेच. डीएमईएम (मूळ पोषक द्रव), आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम), व्हिटॅमिन सी, डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) १०० नॅनोमोलर.

पेट्रीडिश: अहो, हे आधी सांगायचं! डेक्सा सायनोव्हियममध्ये सायटोकाइन बनणंच दाबतं, आणि बनलेल्या सायटोकाइनने होणारी अ‍ॅग्रिकनची तोडही रोखतं. ते माध्यम कूर्चा घडवायला आहे, मोडायला नाही. काढून टाका.

रोखठोक: आता कोलॅजनही मोजून टाका.

निशिगंध: आठवड्यात कोलॅजन कुठून सुटणार? आधी एडीएएमटीएस-४ आणि ५ ही एन्झाइमं अ‍ॅग्रिकन कापतात, कोलॅजन कापणाऱ्या एमएमपी-१३ चं काम मागाहून दिसतं. हायड्रॉक्सीप्रोलिन (कोलॅजनची खूण) मोजायचं तर तीन-चार आठवडे चालवा. जीएजीसाठी मात्र उरलेला तुकडाही पपेनमध्ये (प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइममध्ये) ६५ अंशांवर रात्रभर विरघळवा आणि एकूणपैकी किती टक्के सुटलं ते मांडा. तुकड्यांची जाडी सारखी नसते, नुसता माध्यमातला आकडा फसवतो.

कूर्चाकर: बरं. टीजीएफ-बीटापण (कूर्चा घडवायला लावणारा वाढ-घटक) आहे त्यात. तो राहू दे ना?

पेट्रीडिश: काढा.