मदत हवी आहे: सारखं मागे न लागता टीमकडून कामं वेळेत कशी करून घ्यायची?

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी नाशिकला एका सीए फर्ममध्ये आहे, जीएसटी आणि टीडीएसचं सगळं माझ्याकडे. हाताखाली दोन अकाउंटंट आणि चार आर्टिकल (सीए होण्यासाठी फर्ममध्ये काम शिकणारी मुलं). मुलं हुशार आहेत, कामचुकार तर अजिबात नाहीत, म्हणूनच कोडं पडलंय. मी विचारलं की काम होतं, नाही विचारलं की राहतं. आता 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), 20 ला 3बी (कर भरायचं रिटर्न), तिमाहीवाल्यांचं हेच 13 आणि 22 ला, म्हणजे कुठली ना कुठली तारीख कायम डोक्यावर, त्यामुळे मी सकाळ-संध्याकाळ टेबलाटेबलाशी विचारत फिरते आणि त्यांनी माझं नाव 'रिमाइंडर मॅडम' ठेवलंय हे मला माहितीये.

"झालं का रे?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "हो मॅम, झालंच, दोन-तीन एंट्री बघायच्यात फक्त." मध्ये एकदा त्या दोन-तीन एंट्री मी स्वतः उघडून बघितल्या तर टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुठे टाकायचं ते न ठरलेल्या रकमांच्या खात्यात, अख्ख्या महिन्याचे बँकेचे व्यवहार पार्क केलेले! बरं, तो खोटं बोलत होता असंही नाही, त्याला मनापासून वाटत होतं की बसलं की तासाभरात उरकेल.

दुसऱ्या एका क्लायंटचं जीएसटीआर-1 अकराच्या ऐवजी पंधराला गेलं. दंडबिंड सोडा, पण 14 तारखेला जी 2बी (कोणत्या बिलांवर कराचं क्रेडिट मिळेल त्याची खरेदीदाराची यादी) तयार होते त्यात त्याच्या गिऱ्हाइकांना ही बिलं दिसलीच नाहीत, त्यांचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर गेलं, एकाने त्याचं पेमेंट अडवलं आणि मग तो क्लायंट फोनवर जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्याच्याकडे ते काम होतं तो म्हणे, "मॅम, तुम्ही या वेळी विचारलंच नाहीत." यावर काय बोलणार!

गूगल शीट करून झाली. स्टेटसच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत पिवळं 'इन प्रोग्रेस'. व्हॉट्सॅप ग्रुपवर अंगठे येतात. रोज सकाळची मीटिंग पण घेतली, त्यात मी विचारायचं आणि एकेकाने मला उत्तर द्यायचं, बाकीचे मोबाइलमध्ये. सर म्हणतात जरा कडक वाग. पण आर्टिकलशिप 2023 पासून दोनच वर्षांची झालीये, पोरगं तयार होतंय तोवर निघायची वेळ येते, त्यातही मी सतत डोक्यावर बसले तर ते स्वतः काय शिकणार? तुमच्याकडे कसं करता सांगा. अ‍ॅप नका सुचवू प्लीज.

प्रतिसाद
ताई, मीही याच धंद्यातली. स्टेटसचा कॉलमच उडवा. त्याजागी पुरावा मागा. रिटर्न गेलं म्हणजे एआरएन (रिटर्न भरल्याची पोच) नंबर आला, तो शीटमध्ये टाकायचा, नंबर नाही तर काम नाही. त्याच्या आधीच्या टप्प्यांनाही असंच, बँक जुळली म्हणजे सस्पेन्समध्ये शिल्लक किती रुपये, 2बी जुळवली म्हणजे फरक किती रुपयांचा. आकडा लिहायचा म्हटलं की 'झालंच' म्हणता येत नाही, आणि तुम्हालाही कोणाच्या टेबलापाशी जावं लागत नाही, शीट उघडली की कळतं. अजून एक, क्लायंटवर एकच नाव. आमच्याकडे 'तुम्ही दोघं मिळून बघा' होतं तेव्हा कोणीच बघत नव्हतं.

प्रतिसाद
लग्नघरात सगळे 'हो हो, झालंय' म्हणतात आणि ऐनवेळी अक्षता सापडत नाहीत, तसलं प्रकरण आहे हे :)
मी चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे. लाइनवर अँडॉनची दोरी असते, टोयोटाकडून आलेली पद्धत. कामगाराला अडलं की ओढतो, लीडर धावत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत सुटलं नाही तरच लाइन थांबते. पण दोरी ओढली म्हणून जर का एकदा कोणाला झापलं तर पुढे कोणी ओढत नाही, अडलेलं काम तसंच पुढे ढकलतात. तुमच्याकडे पोरगं आठ तारखेला येऊन 'मॅम, अडकलोय' म्हणालं तर त्याला काय ऐकावं लागतं ते आधी बघा. आठला सांगितलं तर मदत मिळणार आणि अकराला सांगितलं तर जाब द्यावा लागणार, हे तोंडी नाही, वागण्यातून कळलं पाहिजे.

प्रतिसाद
आर्टिकलला स्टायपेंड किती देता ते लिहा, मग जबाबदारीवर बोलू.

धागाकर्ती
@स्टायपेंडवाले, तो मी ठरवत नाही हो, पण मुद्दा मान्य.
आकड्याची आयडिया भारी आहे, येत्या महिन्यापासून करते. दोरीचंही पटलं, फक्त आमच्याकडे आठला सांगितलं तरी सर झापतात, त्याचं काय करू? शिवाय सर मध्येच एखाद्या आर्टिकलला परस्पर उचलून बँकेच्या कामाला पाठवतात, मला पत्ता नसतो, आणि मग त्याच्याच क्लायंटची तारीख हुकते. तिथे त्या पोराला जबाबदार कसं धरू?

पहिली प्रतिसादक
धरूच नका. आमच्याकडेही साहेब असेच होते, त्यांना समजावण्यात काही अर्थ नव्हता. मी शीटमध्ये 'कोणाकडे अडलंय' असा कॉलम टाकला आणि त्यात साहेबांचंही नाव येऊ लागलं. सही साहेबांकडे, ओटीपी क्लायंटकडे, माणूस बँकेत पाठवलाय साहेबांनी, सगळं लिहायचं, पण टोमणा न मारता, नुसतं नाव आणि तारीख. दुसऱ्या महिन्यात स्वतःच विचारायला लागले की 'अमक्याला पाठवू का, त्याचं काही अडलं नाही ना?' आणि ती सकाळची मीटिंग असेल तर तुम्ही विचारू नका, मुलांना आळीपाळीने चालवू द्या, प्रश्न एकच, आज कोणाचं काय अडलंय. दहा मिनिटांत संपते. ओटीपीसाठी क्लायंटला फोन मात्र तुम्हीच करा, आर्टिकलचा फोन ते उचलत नाहीत.