मदत हवी आहे: डोक्यावर डोकं आपटलं, रविवारी फायनल, खेळवू का?

घाईतला_बाप
मुलाला परवा सेमीफायनलमध्ये हेडरला उडी मारताना समोरच्याचं डोकं कानशिलाजवळ लागलं. थोडा वेळ खाली बसला, पाणी प्यायला, उठला आणि मॅच पूर्ण खेळला. आता डोकं थोडं दुखतंय, बाकी ठणठणीत. सीटी स्कॅन नॉर्मल आहे. रविवारी फायनल आहे, कोच म्हणतात खेळव, बायको म्हणते अजिबात नाही. लेक्चर नको प्लीज, हो की नाही एवढंच सांगा, संध्याकाळपर्यंत टीमची नावं द्यायचीत.

जुना_गोलकीपर
हो. सीटी नॉर्मल आहे ना, मग कसला विचार करताय. आम्ही पोस्टवर डोकं आपटून, तोंडावर पाणी मारून घेऊन परत उभे राहायचो. हल्लीच्या पोरांना सगळ्याचंच टेन्शन.

टचलाइन_ताई
नाही. एवढंच हवं होतं ना तुम्हाला? आता तुम्ही काय सांगितलं नाही ते सांगा. वय किती? उलटी झाली का? मार लागल्यावरचं त्याला सगळं आठवतंय का? मान दुखतेय का? आणि ही पहिलीच वेळ का?
(मी फिजिओ आहे, शनिवार-रविवार बॅग घेऊन मैदानाच्या कडेला उभी असते.)

घाईतला_बाप
वय १५. मान ठीक आहे. उलटी एकदाच झाली, ती घरी येताना गाडीत, त्याला तशीही गाडी लागते. आणि बेशुद्ध वगैरे अजिबात पडलेला नाही हो, म्हणून तर विचारतोय.

टचलाइन_ताई
अहो बेशुद्ध पडावंच लागतं असं काही नाही, कन्कशन (म्हणजे मार लागून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) झालेले बहुतेक जण पडतच नाहीत. आणि सीटी कशासाठी करतात तर रक्तस्राव, फ्रॅक्चर वगैरे बघायला. कन्कशन त्यात दिसत नाही, कारण मेंदूची बांधणी जागेवरच असते, काम बिघडलेलं असतं. नॉर्मल सीटीचा अर्थ ऑपरेशनवाली भानगड दिसली नाही इतकाच, खेळायला फिट असा नाही. आठवणीचं उत्तर राहिलं तुमचं.

स्लिपमधला
क्रिकेटवाल्यांना हे महागात पडून कळलं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिल ह्यूज बॉल लागून गेला (तो मार मानेला होता, प्रकार वेगळा, पण तेव्हापासून सगळे सावध झाले). मग २०१९ च्या ऑगस्टपासून आयसीसीने कन्कशन सबस्टिट्यूट (कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू) आणला आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सला त्याची गरज पडली. ऑस्ट्रेलियाच्या स्मिथला इंग्लंडच्या आर्चरचा बाउन्सर मानेवर बसला तेव्हा तो ८० वर होता, बाहेर गेला, तपासणीत पास झाला, परत आला आणि ९२ वर आउट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखायला लागलं, मग बाहेर बसवला आणि लाबुशेन आला. पुढची टेस्टही हुकली. म्हणजे जगातले भारी डॉक्टर शेजारी उभे असताना लक्षणं दुसऱ्या दिवशी आली, तुमचा कोच पाणी पाजून काय ओळखणार?

जुना_गोलकीपर
स्लिपमधले, इथे फुटबॉल चाललाय. १५० च्या स्पीडचा बॉल आणि पोराचं डोकं, काही तुलना?

स्लिपमधला
बरं, फुटबॉलचं घ्या. २०१४ ची वर्ल्डकप फायनल, जर्मनीचा क्रामर. सतराव्या मिनिटाच्या आसपास अर्जेंटिनाच्या गाराय बरोबर धडक झाली, उठून खेळत राहिला आणि थोड्या वेळाने रेफ्रीलाच विचारतोय की ही फायनलच आहे ना? ३१ व्या मिनिटाला बाहेर काढला. मधली दहा-पंधरा मिनिटं तो खेळला ती कोणाच्या भरवशावर?

घाईतला_बाप
हे वाचून जरा चरकलो. हाफटाइमला आमचा पण सारखा स्कोअर विचारत होता. सांगितलं की हो म्हणायचा आणि दोन मिनिटांनी परत तेच. आम्हाला वाटलं चेष्टा करतोय, पोरं हसत होती.

टचलाइन_ताई
हेच मी दोनदा विचारलं! मैदानावर आम्ही असेच प्रश्न विचारतो, आत्ता कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गोल कोणी मारला, मागची मॅच कोणाशी होती. यात अडखळला की सरळ बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, मग पोरगं कितीही रडो.

यंत्रवाला
प्रत्येक मैदानावर एईडी (हृदय बंद पडलं की शॉक देणारं यंत्र) हवंच. डेन्मार्कचा फुटबॉलर एरिक्सन आठवतोय का, १२ जून २०२१, कोपनहेगन. मैदानात कोसळला, जागेवर सीपीआर (छाती दाबणं) आणि शॉक दिला म्हणून आज आहे. शॉकला उशीर झाला तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. धागाकर्ते, तुमच्या क्लबकडे एईडी आहे का? नसेल तर आधी तो विषय घ्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ सेंमी खोल, हे प्रत्येक पालकाला यायला हवं.

मुरगळलेला
यंत्रवाले, तुम्ही बुटाच्या लेसच्या धाग्यावर पण एईडी आणता 😂 असो, ताई आहेतच तर विचारून घेतो, माझा घोटा मुरगळलाय, बर्फ लावू का?

जुना_गोलकीपर
बर्फच. विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच. आयुष्यभर हेच केलंय.

स्लिपमधला
तो राइसचा मंत्र (याच चार गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं) १९७८ मध्ये ज्या डॉक्टर मिर्किननी काढला, त्यांनीच पुढे म्हटलंय की बर्फाने भरून यायला उशीर होऊ शकतो. आता लवकर हालचाल सुरू करा म्हणतात.

जुना_गोलकीपर
म्हणजे आमचे घोटे बरे झाले ते चुकून झाले वाटतं.

टचलाइन_ताई
मुरगळलेले, दुखणं कमी व्हायला थोडा वेळ लावला तर चालतो. आधी हे बघा, आधार न घेता चार पावलं टाकता येतात का आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखतं का. पावलं जमत नसतील किंवा हाडावर दुखत असेल तर एक्सरे. आता कृपया वेगळा धागा काढा, इथे एका पोराचं डोकं आहे.
धागाकर्ते, ही पहिलीच वेळ का, हे अजून सांगितलं नाहीत.

घाईतला_बाप
पहिली म्हणजे... १२ दिवसांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये कोणाचं तरी कोपर लागलं होतं, दोन दिवस डोकं जड होतं म्हणाला, मग गेलं. ते काही विशेष नव्हतं म्हणून लिहिलं नाही. परवापासून आयब्युप्रोफेन देतोय, त्याने बरं वाटतं त्याला.

टचलाइन_ताई
आता संध्याकाळच्या टीमचा विषय डोक्यातून काढा. पहिला मार पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा बसला की मेंदूला भराभर सूज येऊ शकते. क्वचित होतं, पण होतं ते जास्त करून याच वयात आणि त्यातून सगळे वाचत नाहीत. रविवारी बसला तर तो तिसरा असेल.
गोळीचं, पहिले एक-दोन दिवस आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळतात, रक्तस्रावाची भीती असते म्हणून. लागलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आणि गोळी घेऊन डोकं दुखत नाही याला बरं झाला म्हणत नाहीत.
डोकेदुखी वाढत गेली, परत उलटी, उठवून नीट जागा होत नाही, बोलणं अडखळतंय, हात किंवा पाय लुळा पडला, आकडी, डोळ्यांची एक बाहुली मोठी एक लहान, नाका-कानातून पाण्यासारखं काही, यातलं एक जरी दिसलं तरी सरळ इमर्जन्सीला, धाग्यावर लिहीत बसू नका. हे काही नसलं तरी आजच डॉक्टरांना दाखवा आणि दोन्ही मार सांगा. दोन्ही!

एक_आजी
पण रात्री दर तासाला उठवायचं असतं ना? माझ्या नातवाला आम्ही रात्रभर झोपू दिलं नव्हतं.

टचलाइन_ताई
आजी, सीटी नॉर्मल आहे, तपासलाय, तर झोपू द्यावं, झोप लागतेच त्यांना. पहिल्या रात्री खोलीत कोणीतरी असावं एवढंच.

हेडगियर_प्रेमी
ते मऊ हेडबँड मिळतात ते घालून खेळवा की, माझा मुलगा घालतो.

टचलाइन_ताई
त्याने खोक पडत नाही. आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

घाईतला_बाप
अपडेट. जाऊन आलो. डॉक्टरांनी त्याला महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर इथपर्यंत आला आणि एकदम एप्रिल. मग परत पहिल्यापासून, परत ऑक्टोबरला अडकला. गणितात वर्गात पहिला असतो हो तो. एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून डोळे मिटून उभा केला तर तिसऱ्या सेकंदाला टेबल धरलं. बायको काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.
एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत डांबायचं नाही, चालणं वगैरे चालेल, मोबाइल कमी. आधी शाळा जमली पाहिजे, मग हलकं पळणं, मग एकट्याने बॉल, मग धक्काबुक्की नसलेली प्रॅक्टिस. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, त्रास वाढला तर मागच्या पायरीवर. धक्क्याची प्रॅक्टिस त्यांनी परत तपासून हो म्हटल्यावरच आणि मॅच सगळ्यात शेवटी. दुसरा मार असल्यामुळे घाई नको, तीन आठवडे तरी धरून चाला म्हणाले.
कोचना फोन केला तर म्हणाले बेंचवर तरी बसव, दुसऱ्या टीमला दबाव येतो. फोन ठेवून दिला. पोरगा तोंड फुगवून बसलाय, माझ्याशी बोलत नाही.

स्लिपमधला
फायनलला घेऊन जा त्याला, साध्या कपड्यात. किट घरीच ठेवा, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत दोघांचंही मन बदलेल.

जुना_गोलकीपर
ते उलटे महिने मी आत्ता म्हणून बघितले. ऑगस्टला अडकलो.

मुरगळलेला
ताई, वेगळा धागा काढलाय, चार पावलं जमली, पाचव्याला दुखलं. बघता का जरा?