जगाचा इतिहास, घरबसल्या: तुमचा अनुभव लिहा

गेल्या जुलैत मी एका विद्यापीठाचा 'आधुनिक जगाचा इतिहास' हा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. बारा आठवडे, फ्रेंच राज्यक्रांतीपासून सोव्हिएत संघ फुटेपर्यंत, म्हणजे १७८९ ते १९९१. माझं वय एक्कावन्न, नोकरी पतपेढीत, गाव गुहागर तालुक्यातलं.

आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. भिंती दीड हात जाड, आत रेंज येत नाही. अंगणात एकाच जागी येते, तुळशीपाशी. वृंदावनात पणती ठेवायचा जो कोनाडा असतो, त्यात फोन आडवा बरोब्बर बसतो. मग पणती खाली उतरली आणि फोन कोनाड्यात गेला. संध्याकाळी सातला मी पाट टाकून, डोक्यावर छत्री धरून पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेला व्हर्सायचा तह ऐकत बसायची. पलीकडच्या काकूंनी आठवडाभर हे पाहिलं आणि आमच्या सासूबाईंना विचारलं, "सूनबाई कुठलं व्रत करत्ये?" सासूबाई म्हणाल्या, "जर्मनीचं."

व्याख्यानं इंग्रजीत. ऐकून समजायची, पण लिहायला बसलं की हात थांबायचा. पहिल्याच स्वाध्यायात पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली होती. मी आपली २८ जून १९१४, साराजेव्हो, ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा एका सर्ब तरुणाने केलेला खून, अशा तारखा मांडत गेले. शाळेत तेच तर केलेलं. दहापैकी चार गुण, आणि शेरा: 'काय घडलं ते कळलं. का घडलं?' पुन्हा लिहायची एक संधी होती. तेव्हा डोकं लावलं, की एका खुनाचं सदतीस दिवसांत ब्रिटनपर्यंत युद्ध पोचलंच कसं? ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, सर्बियाच्या पाठीशी रशिया, रशियाच्या पाठीशी फ्रान्स. त्यात रशियाने सैन्य जमवायला घेतलं आणि जर्मनीची योजना तर आगगाड्यांच्या वेळापत्रकावर बसवलेली, थांबायची सोयच नाही. आमच्या भावकीतलं बांधाचं भांडण हुबेहूब असंच वाढलं होतं. भांडणारे दोघेच, पण दोघांच्याही मागे 'तू हो पुढे, मी आहे' म्हणणारे. सात गुण मिळाले. भावकी उत्तरात घातली नव्हती, हे सांगायला नको.

तुमच्यापैकी कोणी असं काही शिकलं असेल तर लिहा. पास-नापास दोन्ही चालेल. आलेली उत्तरं खाली आहेत.

मालवण, बी.ए. दुसरं वर्ष

चाचणीला वीस मिनिटं. अकराव्या मिनिटाला लाईट गेली, तेराव्याला टॉवर. दोनदा असं झालं. शेवटच्या परीक्षेचं केंद्र आलं कोल्हापूरला, आणि घाटात दरड, म्हणून वळसा घालून पोचले ती दहा मिनिटं उशिरा. आजीचा सगळा वेळ एकच प्रश्न, "ह्यां शिकान तुका काय गावतला?" पदवीत धरले जाणारे चार क्रेडिट, गे आजी.

लांजा

औद्योगिक क्रांतीचा आठवडा मी एकट्याने पाहिलाच नाही. बाबा शेजारी येऊन बसले. ते परळच्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बाबा गावी आले ते कायमचेच.

व्याख्याते सांगत होते, की १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईचे सट्टेवाले बुडाले. बाबा गप्प. मग पडद्यावर धोट्याचं, म्हणजे मागात आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याचं, चित्र आलं, आणि बाबा म्हणाले, "थांबव."

धोट्याला टोकाशी बारीक भोक असतं. सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक त्यातून बाहेर काढायचं. हुकाने काढण्यात वेळ जातो, म्हणून तोंड लावून ओढायचे. बाबांनी मूठ धोट्यासारखी आडवी धरली, अंगठ्याशी ओठ लावले आणि श्वास एकदम आत घेतला. चाळीस वर्षं झाली, पण हात बरोबर वळला. "हे असं, पाळीभर. सुताबरोबर काय काय पोटात गेलं असेल कोणास ठाऊक. तुमच्या सरांना विचार, हे लिहिलंय का कुठं?"

मी स्वाध्यायात ते मुद्दाम घातलं. तपासणाऱ्याने त्या परिच्छेदापुढे नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं.

रत्नागिरी

साम्राज्यवादाच्या आठवड्यात ब्रह्मदेशाला एक वाक्य: १८८५, इंग्रजांशी तिसरं युद्ध, राजा थिबा पदच्युत. ते ऐकलं तेव्हा मी थिबा पॅलेसपासून चालत दहा मिनिटांवर बसलो होतो. तो राजा इथे १८८६ ला आणला, १९१६ ला इथेच गेला, आणि पॅलेस बांधून झाला तो १९१० च्या सुमारास, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षांनी. त्याच वेळी आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच्या जुन्या राजधानीत, मंडालेत, कैदेत, १९०८ ते १९१४. सरकारने हिशोब चोख ठेवला होता म्हणायचा.

खेड

शेवटच्या आठवड्यात आखाती युद्ध होतं. २ ऑगस्ट १९९०, इराक कुवेतमध्ये घुसला. मागे दाखला १९७३ च्या तेलसंकटाचा. तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला, आखातात बांधकामं निघाली आणि आमच्या मोहल्ल्यातला घरटी एक माणूस तिकडे गेला. अब्बाही त्यातलेच, कुवेतला.

स्वाध्याय होता, घरातल्या वडीलधाऱ्याची मुलाखत घ्या. अब्बांनी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी जेवता जेवता आपणहून बोलू लागले. इराकने कुवेती दिनार रद्द करून टाकला, पाकिटातल्या पैशाचा कागद झाला. मग बसने बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, वाळवंटात तंबू. रांग पाण्याची, रांग खुबूसची, म्हणजे अरबी रोटीची. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी परत आणली, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मोजत कोण होतं?"

एरवी सुट्टीवर येताना ब्लँकेटं, टँग, दुधाच्या पावडरचे डबे आणायचे. त्या खेपेला हातात फक्त पाण्याचा निळा कॅन होता. तो अजून आहे. पंपाचं डिझेल त्यातच आणतो. त्याचा फोटो जोडला म्हणून मला एक गुण जास्त मिळाला, आणि अब्बा त्यावर चिडले. का, ते सांगत नाहीत.

चिपळूण, निवृत्त अभियंता

वरचं सगळं वाचलं. चांगलं आहे, पण एक सांगू का, जगाचा इतिहास आपल्याच परसात सापडला पाहिजे असा हट्ट नको. मला धरून ठेवलं ते आफ्रिकेतल्या काँगोने, आणि काँगोचा माझ्या गावाशी काडीचा संबंध नाही. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड. १८८५ पासून १९०८ पर्यंत तो मुलूख त्याच्या खासगी मालकीचा, आणि या गृहस्थाने तिथे एकदाही पाऊल ठेवलं नाही. रबराचा ठरलेला वाटा भरला नाही की शिपाई येत. गोळी वाया घालवली नाही याचा पुरावा म्हणून कापलेले हात जमा करत. १९०४ सालचा एक फोटो दाखवला: बाप ओट्यावर बसलाय आणि समोर ठेवलेला मुलीचा हात आणि पाय बघतोय. फोटो काढला ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी. मी लॅपटॉप मिटला. बायकोने जेवायला वाढलं होतं, ते तसंच राहिलं. मी बासष्ट वर्षांचा आणि लिओपोल्ड हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. परीक्षेला बसलो नाही. फी भरली होती, तरीही.

हर्णै

मी अर्धवट सोडला, तरी लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारून वर ओढलेली, तेव्हा माणूस मोकळा असतो. जूनच्या बॅचला बसलो. जाळी विणता विणता कानात लावून ऐकायचं, हात चालू राहतात. नेपोलियन सगळा एका जाळ्यात संपला. मग ऑगस्ट उजाडला. नारळी पौर्णिमा झाली आणि आम्ही बाहेर पडलो. पुढचे चार व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घेतले होते, कारण बारा-पंधरा वाव खोल पाण्याच्या पुढे रेंज नाही. एका रात्री होडीत बसून पाहिला, १९२९ ची मंदी, न्यूयॉर्कचा बाजार कोसळला तो. होडीचा म्होरक्या, तांडेलही बघत होता. म्हणाला, "आपला बाजार रोज कोसळतो, त्याचा पिक्चर कोण काढत नाय." मग जाळं ओढायची वेळ झाली.

तिथेच राहिलाय. पुढे हिटलर येतो एवढं माहीत आहे. जूनमध्ये बघतो.