ट्रेलरवर बोट नेताना मोटरला दांडी लावायची की नाही?

सरोवरकाठचा

परवा मिशिगनमधल्या सॅगिनॉ बेच्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, रांगेत उभा होतो. मागच्या ट्रकमधले एक आजोबा उतरले, माझ्या मोटरखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तुझी दांडी रस्त्यात पडली वाटतं!" पडली नव्हती. मी लावतच नाही. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोराला सीटबेल्टशिवाय मागे बसवलंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बोटीची मागची उभी फळी म्हणजे ट्रान्सम. आऊटबोर्ड मोटर तिच्यावर टांगलेली असते. ट्रान्सम सेव्हर नावाची दांडी मिळते. तिचं एक टोक ट्रेलरच्या शेपटाला अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाच्या बेचक्यात मोटरचा पाय टेकवायचा. मग म्हणे फळीवर ताण येत नाही.

माझी बोट १७ फुटी ॲल्युमिनियमची, मोटर ११५ हॉर्सपॉवरची, वजन साधारण १६३ किलो. आता गणित बघा. ताशी ६० किलोमीटरने जाताना, मोटरची ६० टक्के ताकद कामी येते असं धरलं तरी प्रोपेलरचा रेटा ३०० किलोच्या आसपास जातो. तोही फळीच्या वरच्या कडेपासून अर्धा-पाऊण मीटर खाली. म्हणजे फळी रोज तासन्‌तास ज्या दिशेने पिळली जाते, त्याच दिशेने लटकत्या मोटरचं वजनही तिला पिळतं, फक्त बरंच कमी. जी फळी हे दिवसभर सोसते ती दोन तासांच्या हायवेला घाबरेल? दांडी हा दुकानदारांनी विकलेला भीतीचा ताईत आहे, असं माझं मत. झोडा आता.

धक्कास्टार्ट

गणित छान. आता मॅन्युअल उघडा. यामाहा काय, मर्क्युरी काय, दोघांचं सांगणं एकच: मोटर सरळ उभी ठेवून न्या, आणि जमिनीपासून पुरेशी उंची मिळत नसेल तर वर उचलून वेगळा आधार द्या. हा आधार म्हणजेच तुमचा ताईत.

सरोवरकाठचा

पहिलं वाक्य वाचलंत ना? सरळ उभी ठेवा. दांडी ही पळवाट आहे, नियम नाही.

धक्कास्टार्ट

मग तुम्ही सरळ उभी ठेवता?

सरोवरकाठचा

थोडी उचलतो. घरासमोरच्या उतारावर खालचं पातं (प्रोपेलरचं नव्हे, मोटरच्या पायाच्या तळाचं स्थिर पातं, स्केग) घासतं.

धक्कास्टार्ट

म्हणजे झालं ना मग! 😄

खड्डेपुराण

सरोवरकाठचा, तुमचंच गणित पुढे नेते. तुमचा ३०० किलोचा रेटा गुणिले ०.६ मीटर, म्हणजे फळीवरचा पीळ १८०. आता मोटर तिरकी केली की तिच्या वजनाचा मध्य फळीपासून मागे सरकतो. समजा अर्धा मीटर. १६३ गुणिले ०.५, म्हणजे ८२ च्या आसपास. तुम्ही इथेच थांबलात. पण ट्रेलर खड्ड्यात आदळून मोटरला क्षणभर तिप्पट जडपणा आला तर? २४५. शिवाय प्रोपेलरचा रेटा एकसारखा असतो, खड्डा म्हणजे हातोडा. मार्च-एप्रिलात बर्फ वितळून मिशिगनच्या रस्त्यांची जी चाळण होते, ती तुम्हाला मी सांगायला नको. धातू एका घावाने तुटत नाही हो, हजार घावांनी थकतो.

खारेवारे

मालवणातून लिहितोय. आमच्याकडे साडेनऊ-दहा हॉर्सपॉवरचं मशीन काढतात, खांद्यावर घेतात आणि घरी नेतात. होडी वाळूवर, मशीन पडवीत. चोरीची भीती नाही, फळीवर ताण नाही. तुमचं मशीन काढून गाडीत का ठेवत नाही?

सरोवरकाठचा

दादा, १६३ किलो! चार माणसं आणि एक हाडवैद्य लागेल.

निवांत_गियर

मी पोटापाण्यासाठी गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करतो, त्यामुळे गप्प बसवत नाही. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. बोट आणि ट्रेलर हे दोन वेगवेगळे जीव आहेत. चाकांच्या मागे ट्रेलरचं जे शेपूट उरतं ते धक्क्यागणिक वरखाली लवतं. बोटीची मागची बाजू पट्ट्यांनी ट्रेलरला घट्ट आवळलेली नसेल तर बोट वेगळी उडते, शेपूट वेगळं उडतं, आणि मधली दांडी ट्रेलरचा प्रत्येक ठोसा थेट मोटरच्या पायात पोचवते. आधारासाठी लावलेली वस्तू मुसळ होते.

त्यामुळे आधी ट्रान्समच्या दोन्ही कड्यांना रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे. रॅम्पवर दर दहातले निदान चार जण पुढच्या विंचच्या (बोट ट्रेलरवर ओढायच्या चरकाच्या) एका पट्ट्यावर भरवसा ठेवून आलेले दिसतात. ते बघून दांडीच्या चर्चेला हसू येतं.

आणि दांडीऐवजी पाचर घ्या. मोटर उचलणाऱ्या हायड्रॉलिक दांड्यावर बसते, मोटर खाली घेतली की दाबून धरते. मोटर बोटीलाच टेकते, ट्रेलरशी तिचा संबंधच येत नाही. मोटर मात्र अगदी थोडीच उचला. पुष्कळ मोटरींत सुरुवातीच्या काही अंशांपर्यंतच दोन्ही बाजूंचे छोटे दांडे टेकू देतात, त्यापुढे सगळं ओझं मधल्या एकट्यावर जातं.

धक्कास्टार्ट

पाचरीने मोटर नुसती हलायची थांबते, फळीवरचं ओझं तसंच राहतं. खड्डेपुराण यांचे २४५ कुठे गेले?

निवांत_गियर

थोडीच उचललीत तर तो अर्धा मीटर अर्धा राहत नाही, आणि मोटर डुगडुगत नसेल तर तिप्पटही होत नाही. बाकी ओझं फळीवर राहतं हे मान्य. पण फळी त्यासाठीच असते.

ह्यूस्टनकर

दांडी राहू द्या, पण मोटरवरचा तो छोटा लीव्हर लावून कोणी निघू नका. तो बोट उभी असताना मोटर वर धरायला आहे, प्रवासाला नाही. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं. रेल्वे फाटकावर लीव्हर सटकला, मोटर खाली आली आणि पातं रुळावर. चार इंच ॲल्युमिनियम टेक्सासला अर्पण.

दांडीचाही किस्सा आहे. रॅम्पवर काढायला विसरलो, बोट पाण्यात ढकलतोय, ढकलतोय, हलेना. मागे रांग. बायको गाडीत बसून शांतपणे बघत होती, ते जास्त लागलं.

लाकूडतोड्या

ज्यांच्या जुन्या फायबरच्या बोटी आहेत त्यांनी हा सगळा वाद बाजूला ठेवून एक करा. मोटर अर्धी उचला, खालच्या पात्यावर दोन्ही हातांनी भार द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी फळीकडे बघायला सांगा. फळी लवली किंवा बोल्टांपाशी भेग उघडली तर आतलं प्लायवूड कुजलंय. पाणी बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकांतून शिरतं. अशा बोटीला दांडी लावणं म्हणजे पडक्या भिंतीला कॅलेंडर.

खड्डेपुराण

अजून एक. नोव्हेंबरात घरी पोचल्यावर तरी मोटर सरळ उभी करा. तिरकी राहिली तर आतलं थंडाव्याचं पाणी पूर्ण निथळत नाही, आणि गोठलं की धातू फोडतं. हे मी दीड हजार डॉलर मोजून शिकले आहे.

सरोवरकाठचा

सगळ्यांचं वाचलं. लाकूडतोड्यांची परीक्षा आज केली, माझी फळी ठीक आहे. मागचा एक पट्टा उन्हाने चिरलाय हे मात्र आजच कळलं. नवे दोन आणले, पाचर मागवलीय. यूपीत (मिशिगनच्या उत्तरेकडच्या अपर पेनिन्सुलात) मातीच्या रस्त्याने जायचं असेल तेव्हा दांडीचा विचार करीन, एवढं खड्डेपुराणांच्या २४५ मुळे कबूल. आय-७५ हायवेवर नाही म्हणजे नाही.

धक्कास्टार्ट

माझ्याकडे एक जास्तीची पडून आहे. पुढच्या शनिवारी रॅम्पवर आणतो. निदान ते आजोबा दिसेपर्यंत तरी लावा.